अठरावी जोडी

आई खुर्चीतून कोसळली, तेव्हा तिच्या मांडीवरची लेस विणायची उशीही पडली. टोचलेल्या टाचण्या जागच्या जागी राहिल्या, पण दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिनच्या अठरा जोड्या एकमेकींत अडकून बसल्या. माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झग्याला लावायची ती लेस. वीतभरच राहिली होती.

तीन आठवड्यांनी आई दवाखान्यातून घरी आली. उजवा हात लुळा पडला होता. मी उशीचा फोटो तिच्या लेसवाल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. धडाधड सल्ले आले.

"टाचण्या काढू नकोस गं."

"दोन ओळी उसव."

"अजिबात उसवू नकोस!"

शेवटी ॲडमिनबाईंनी लिहिलं, "ही नक्षी तिनं स्वतःच्या मनानं बसवलीय. पुढची जोडी कुठली, ते फक्त तिला ठाऊक. तिलाच विचार ना!"

मी अठराही जोड्या कशाबशा सोडवल्या, उशी आईपुढे धरली आणि पहिली जोडी उचलली. "ही का गं?"

"हो."

"की ही?"

"हो."

आजारानंतर तिच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. अठराव्या जोडीलाही ती हो म्हणाली. डोळे मात्र मघापासून नाही, नाही म्हणत होते.

"राहू दे का मग, आई?"

"हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

फोनवर ग्रुपचा मेसेज आला. "विचारलंस? काय म्हणाली?"

मी लिहिलं, "हो म्हणाली."

बारा जणींनी टाळ्या पाठवल्या.