मुळ्याचा रस

"मॅडम, माझ्या नळीत रंगच येत नाहीये."

मुळ्याच्या रसात ग्वायकॉल हे रसायन घालून वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, की नारिंगी रंग चढतो. गौतमीने, रंग गडद यावा म्हणून, पेरॉक्साइड दहापट टाकलं होतं. जर्नलमध्ये निष्कर्षही लिहून झाला होता: मुळ्याचा रस कमजोर होता.

लेकीने सासरी जीव दिल्यानंतर टिपणीस मॅडम आज पहिल्यांदाच कॉलेजात आल्या होत्या.

"पेरॉक्साइड म्हणजे झाडात साठणारं विष; ते मोडायचं, हेच रसातल्या पेरॉक्सिडेज या एन्झाइमचं काम," त्या म्हणाल्या. "पण विष फार झालं, की ते एन्झाइमच संपतं."

"मग आता पाणी घालून पेरॉक्साइड पातळ केलं तर?"

"आता उपयोग नाही."

तेराव्याला व्याही म्हणाले होते, "तुमची मुलगीच कमजोर निघाली." लेक फोनवर सासरचा जाच सांगायची, तेव्हा दर वेळी मॅडमच म्हणायच्या, "थोडं सोस गं."

त्यांनी लाल पेनने जर्नलमधलं 'कमजोर' खोडलं.

"रस चांगला होता, असं लिही. त्याला सोसणार नाही इतकं आपणच घातलं."