अठ्ठावन्नावा तास

टर्बाइनचा आवाज उतरायला लागला तशी कंट्रोल रूममधली सगळी माणसं ताडकन उभी राहिली. उभं राहून काय साधणार होतं, देव जाणे.

इंजिनिअर तेवढा बसून राहिला. पडद्यावर सत्तावन्न तास पन्नास मिनिटं झाली होती. नवं टर्बाइन बहात्तर तास एकदाही न थांबता चालवून दाखवायचं, मगच ग्राहक कागदावर सही करणार. मध्ये थांबलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. सापशिडीत नव्याण्णववरच्या सापाने गिळावं, तसं.

त्याला रडू आलं. बाबा तीन आठवडे ताईकडे अंथरुणाला खिळून होते. "हे मशीन मार्गी लावतो आणि येतोच," असं तो त्यांना रोज फोनवर सांगायचा. "सावकाश ये," असं बाबा म्हणायचे, म्हणजे लवकर ये. चौदा तास उरले होते. आता पुन्हा तीन दिवस.

"गॅसचा दाब पडला असेल," प्रोजेक्टचे साहेब म्हणाले. ग्राहकाच्या माणसाला बेअरिंगचा संशय होता. मशीन बंद पडलं की जो तो डॉक्टर होतो. इंजिनिअरने गुपचूप नोंदींची यादी उघडली. आपण कशाने थांबलो हे मशीन स्वतःच लिहून ठेवतं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि त्याला कोणाची भीडभाड नसते. पहिलीच ओळ होती: आपत्कालीन बटण, टर्बाइन हॉल.

ते बटण भिंतीवर होतं. त्याच्यावरचं झाकण उचलायचं, मग तळहाताने जोर देऊन दाबायचं. कोपर लागून चुकून दाबलं जावं असं ते नव्हतंच. आणि हॉलमध्ये लक्ष ठेवायला एकच माणूस होता. मामा.

मामा म्हणजे म्हातारा फिटर. अकरा वर्षं, नऊ ठिकाणं, दोघं कायम बरोबर. मामा हॉलमध्ये आहेत म्हटल्यावर इंजिनिअर खुर्चीत बिनघोर डुलकी काढायचा. तो जिना उतरला तेव्हा त्याचे कान तापले होते.

मामा बटणाखालीच एका उलट्या बादलीवर बसले होते.

"मामा, बटण कोणी दाबलं?"

"मी."

"चुकून?"

"नाही."

"केसाने गळा कापलात, मामा! दुसरं कोणी असतं तर समजू शकलो असतो. तिकडे बाबा डोळे लावून बसलेत. त्यांना आता काय सांगू? अजून तीन दिवस थांबा?"

"तेवढं नाही थांबणार ते," मामा हळूच म्हणाले. "सकाळी आठ वाजता तुझ्या ताईचा फोन आला होता."

गॅसच्या भागात मोबाइल नेता येत नसे. सगळ्यांचे फोन गेटवरच्या ऑफिसात जमा असायचे. भाऊ फोन उचलत नाही म्हणून ताईने शेवटी साहेबांना गाठलं होतं. मामा तेव्हा रक्तदाबाची गोळी घ्यायला तिथे गेले होते. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. साहेबांनी फोन खाली ठेवला आणि मामांना बजावलं, "काम पार पडू दे, मग मी सांगतो त्याला. तोंड उघडलंत तर उद्यापासून येऊ नका."

इंजिनिअरला आधी ते पटेचना. नऊ वाजता ह्याच साहेबांनी त्याला चहा आणून दिला होता. पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, "बाबा बरे आहेत ना?" आणि त्याने साहेबांचे आभार मानले होते. आपल्याला इतकं सहज फसवता येतं ह्याची त्याला किळस आली.

"रोटर तापलेलाय," मामा म्हणाले. "ब्रह्मदेव आला तरी संध्याकाळपर्यंत मशीन हलत नाही. तू हल. गेटवर गाडी थांबवून ठेवलीय, चार तासांत पोचशील."

वर जिन्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला. ते त्याच्या नावाने हाका मारत होते. इंजिनिअरचे पाय जागचे हलेनात. राग कोणावर काढावा हेच त्याला कळत नव्हतं, आणि समोर मामाच होते.

"मग मला सरळ येऊन सांगायचं ना, मामा! मशीन कशाला बंद पाडलंत?"

मामा उठले. त्यांनी त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं आणि दाराकडे बोट केलं.

"आईच्या वेळी सांगितलं होतं तुला. तेव्हा तू म्हणालास, नऊच तास उरलेत."