चावी कुणाच्या नावावर

या माउली, जवळ सरका, मागे बसलात तर ऐकू यायचं नाही. एका न उघडणाऱ्या दाराची गोष्ट सांगतो. दार लाकडाचं नव्हे, कॉम्प्युटरचं. पण त्याच्याबाहेर ताटकळणारा माणूस मात्र हाडामांसाचा.

"स्क्रीन उघडता येत नाही. परवानगी नाही."

जावयाने ही ओळ सातव्यांदा वाचली आणि कीबोर्डवर मूठ आपटली.

शेजारी कोरायच्या मशीनखाली काळी शिळा आवळून ठेवली होती. ती न्यायला शाळेचे लोक चार वाजता येणार होते. अडीच वाजून गेले होते आणि शिळेवर एक अक्षर नव्हतं. अक्षरं होती सासऱ्याच्या खात्यात, आणि जावई स्वतःच्या खात्यात बसून सासऱ्याच्या पासवर्डने तिथला प्रोग्राम उघडू बघत होता. दगडावर नावं कोरणाऱ्या या कारखान्याची सगळी पत त्या अक्षरांवर उभी होती. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं ती हाताने काढली होती, मग एकेक करून कॉम्प्युटरात चढवली होती. आणि म्हातारा बुधवारीच घर सोडून गेला होता.

"तुझ्या बापाने टाळं ठोकलंय," जावई बायकोवर खेकसला. "जाता जाता सूड उगवला."

"पासवर्ड विचारला तर बाबांनी फोनवर लगेच सांगितला. सूड उगवणारा माणूस किल्ली हातात देतो होय?"

"नाटकं! बुधवारीही नाटकंच केली."

बुधवारी सकाळी म्हातारा कॉम्प्युटरसमोर बसून एकच पालुपद लावून होता. "पासवर्ड टाकतो, पडदा काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. मला दारातूनच परत पाठवतंय हे." जावयाने सगळ्या कामगारांसमोर त्याला कामचुकार म्हटलं. मग खोटारडा म्हटलं. "डोळे तर गेलेच होते, आता अक्कलही गेली," असंही म्हणाला. म्हाताऱ्याने नवा कोरा चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, छिन्न्यांची पेटी उचलली आणि बहिणीकडे निघून गेला. तेव्हापासून लेकीच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"मंगळवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात जाईपर्यंत बाबा त्याच खात्यात काम करत होते," ती आता म्हणाली. "रात्रीतून काय बिघडेल?"

"त्याचं डोकं!"

शेवटी झक मारत त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून आवाज मोठा करून ठेवला.

"दादा, स्क्रीन आत्ता कुणाच्या नावाने चालू आहे?"

"माझ्या. कारखाना माझा आहे."

"मग सासऱ्यांच्या नावाने उघडलेला प्रोग्राम तुमच्या स्क्रीनवर यायला तुमची परवानगी लागते. त्यांनी नाही अडवलेलं. तुम्हीच अडवताय."

बायकोने तोंड फिरवलं. हसू लपवायला.

"मला शिकवू नका, ताई!" जावई उसळला. "मध्यंतरी कोरायच्या मशीननेही अशीच परवानगी नाकारली होती. म्हातारा जागेवर नव्हता, त्याचं खातं उघडंच पडलं होतं. तिथूनच ॲडमिनचा पासवर्ड ठोकला, दोन मिनिटांत काम उरकलं आणि कॉम्प्युटर बंद करून मोकळा झालो. कुणाच्या पाया नाही पडलो."

"बरं," बाई म्हणाल्या. "मी सांगते ती ओळ लिहा."

त्याने लिहिली. प्रोग्रामची खिडकी चमकली आणि विझली. खाली नवी ओळ उमटली.

"'चावीची फाइल वाचता येत नाही. परवानगी नाही.' बघितलंस? बघितलंस तुझ्या बापाचं देवपण? टाळ्यावर टाळं!"

"ओरडू नका," फोनमधून आवाज आला. "स्क्रीन उघडायची ही चावी प्रत्येकाच्या खात्यात ज्याची त्याची असते. आणखी एक ओळ सांगते, ती लिहा आणि चावी आता कुणाच्या नावावर दिसते, तेवढं वाचा."

त्याने वाचलं. मनातल्या मनात.

"दादा?"

"ॲडमिनच्या," तो म्हणाला.

"म्हणजे सासरे पासवर्ड बरोबर टाकत असले तरी आत जाणार नाहीत. पडदा काळा होईल आणि पुन्हा पासवर्ड मागेल. दिवसभर बसले तरी तेच."

"त्यानेच केलं असणार! मुद्दाम!"

"त्यांच्या उघड्या खात्यात कुणी ॲडमिनचा पासवर्ड वापरला, तरच चावी अशी ॲडमिनच्या नावावर जाते. तो पासवर्ड कुणाकडे असतो?"

बायको हळूहळू वळली. तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"यांच्याकडे," ती म्हणाली. "एकट्या यांच्याकडे. बाबांनी मागितला होता एकदा, तेव्हा म्हणाले, नोकराच्या हातात तिजोरी देत नसतात."

"मग ताई," फोनमधल्या बाई तिला म्हणाल्या, "त्याच ओळीत शेवटी तारीख आणि वेळ असेल. ती सांगा."

जावयाने स्क्रीनवर पंजा ठेवला. तिने तो एकेक बोट करून उचलला आणि वाचलं, मोठ्याने, बाहेरच्या कामगारांनाही ऐकू जाईल असं.

"मंगळवारची तारीख आहे. सकाळी अकरा वीस."

माउली, त्या मंगळवारी सकाळी अकरा वीसला चष्म्याच्या दुकानात भिंतीवरची अक्षरं वाचत बसलेल्या म्हाताऱ्याची तेवढी आठवण ठेवा.