पुवाच्या चिंध्या

शिंगाळा माशाचा काटा लागून बाबाजी तांडेलाचा पाय सडायला आला, तेव्हा नऊ दिवस पुवाच्या चिंध्या बदलल्या त्या थोरल्या बायकोनं, गोदूनं. मुरुडचे डॉक्टर तिला म्हणाले, "बाई, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना घेरतात, गिळून मारतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे त्यांचीच मढी."

पाय बरा झाला. "राहीचा नवस पावला!" म्हणत बाबाजी धाकट्या बायकोला, राहीला घेऊन देवीला नारळ फोडायला निघाला. तिचं नवं लुगडं बघून गोदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोघं परतली, तर गोदू नारळीखाली त्या पुवाच्या चिंध्या पुरून वर कावळ्याला भात ठेवत होती.

"आक्का, कोन गेलं गो?" राही घाबरली.

 

"माज्या सख्ख्या भयनी."