नावाची रिकामी चौकट

"जियाना मनमा एक नाव शे," पुनीत बायकोकडे बघत म्हणाला आणि तौसिफचा माऊसवरचा हात थांबला.

स्क्रीनवर नावाची चौकट रिकामी होती. बाकी सगळं तयार होतं. दोघांनी वर्षभर खपून केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर चढवायचं होतं. लग्नाचं कितीही लांबलचक शूटिंग त्यात टाका, हललेले आणि अंधारलेले तुकडे ते बाजूला काढायचं. उरलेले तुकडे चेहरे ओळखून माणसागणिक लावून द्यायचं. कोड पुनीतचा. कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता फेकायचा, ही नजर तौसिफची. शहादा तालुक्यातल्या लग्नांत कॅमेरा खांद्यावर घेऊन ती त्याने कमावली होती.

तौसिफच्याही मनात एक नाव होतं. ‘जोडी’. लोकांना वाटलं असतं, नवरा-नवरीची जोडी. कुठली जोडी ते त्याला एकट्याला ठाऊक असतं. पुरुषोत्तमनगरच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या पुनीतची आणि त्याची.

ते नाव सांगायला तो योग्य वेळेची वाट बघत होता. ती वेळ आता दुसऱ्याच कुणीतरी घेतली होती.

पुनीतचे वडील छगनलाल यांच्या कापडदुकानावरच्या या खोलीत पूर्वी दोनच खुर्च्या होत्या. पुनीतचं लग्न झालं आणि तिसरी आली. जिया आधी नुसती चहा ठेवून जायची. मग बसू लागली, मग बोलू लागली. तिचं बोलणं संपायच्या आधीच पुनीत हसायचा. पूर्वी पुनीत ‘आमी’ म्हणाला की त्यात तौसिफ असायचा. हल्ली तो ‘आमी’ म्हणाला की तौसिफला क्षणभर थांबून समजून घ्यावं लागायचं.

"कोणतं नाव?" त्याने स्क्रीनकडे बघतच विचारलं.

"नवरी," जिया म्हणाली.

तौसिफ हसला. ते हसू त्याला स्वतःलाच कडू लागलं. "मंग ठेवा ना. माले कसाले इचारतस?"

"तू कसाले रागे भरस?" पुनीत म्हणाला.

"रागे नही भरत. वर्षभर आपू दोन्ही डोये फोडतस आणि नाव कोन ठेवस? तिले काय कळस यामातलं?"

पुनीतचा चेहरा उतरला. तो काही बोलणार, तोच जियाने हातानेच त्याला थांबवलं. ती मूळची राजस्थानातल्या पालीची. खानदेशी बोली तिला आता समजू लागली होती, आणि हे वाक्य तर पूर्ण समजलं होतं.

"खरं आहे, तौसिफभाई. मला यातलं कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून एकदा चालवून दाखवा. आमच्याच लग्नाचं टाका. ते तर तुम्हीच काढलंय."

तौसिफला हे आव्हान आवडलं. ते शूटिंग म्हणजे त्याचं आजवरचं सर्वांत जीव ओतून केलेलं काम. मुलीकडच्यांनी पालीहून आणलेल्या फोटोग्राफरलाही त्याने स्टेजजवळ उभं राहू दिलं नव्हतं. मन्हा दोस्तनं लगीन शे, मीच काढसू, असं सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

त्याने फाईल टाकली. पट्टी हळूहळू भरत गेली. डावीकडे एकेक चेहरा उगवू लागला. छगनलाल. पुनीतची आई जडावबाई. सगळ्यांच्या वर पुनीत.

पुनीतच्या नावाखालचे तुकडे संपता संपेनात. साफा बांधून घेणारा पुनीत, घोडीवरचा पुनीत. मित्रांच्या गराड्यात हसणारा आणि आईच्या पाया पडताना डोळे पुसणारा पुनीत. तौसिफच्या छातीत अभिमान दाटून आला.

"आता मी," जिया म्हणाली.

तिचा चेहरा खूप खाली सापडला. त्याच्याखाली थोडेसेच तुकडे होते. एकात ती पुनीतच्या खांद्याआड अर्धी होती. एकात मेंदीचे हात आणि हनुवटी. फेऱ्यांचं चित्रण तर पुनीतच्या नावाखालीच गेलं होतं, कारण कॅमेरा फेरीभर त्याच्याच चेहऱ्यावर होता आणि कडेला लाल ओढणीचा काठ तेवढा येत-जात होता.



"काहीतरी चुकनं," पुनीत गडबडून म्हणाला आणि कोड उघडू लागला. "घुंगट व्हता ना, म्हनीसन वळखं नही आसंल."

"घुंगट नव्हता," जिया म्हणाली. "सासूबाईंनी आदल्या दिवशीच नको म्हटलं होतं."

पुनीत तरीही कोडमध्ये चूक शोधत राहिला. तौसिफने ते तुकडे पुन्हा एकदा पाहिले. सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. ते समोर दिसेल तेवढंच ओळखत होतं, आणि समोर काय दिसावं हे त्या दिवशी त्याने ठरवलं होतं. आपण असं केलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"भाभी," तो म्हणाला. लग्नानंतर त्याने तिला पहिल्यांदाच या नावाने हाक मारली. "तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुमच्या दोघांत मी कशाला भांडण लावू?" जिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तौसिफला त्याचाच जास्त त्रास झाला. "माझी आई लग्नाला येऊ शकली नाही, तुम्हाला माहीत असेल. कंबरेचं हाड मोडून पालीला खाटेवर पडली होती. मी तिला तुमचा व्हिडिओ पाठवला. तिने झोपून झोपून सगळा बघितला आणि मग मला फोन केला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जावई फार देखणे आहेत बेटा. मी अगदी शेवटपर्यंत बघितलं. त्यात तू कधी येतेस?"