वनमालाचं बोट

नरहरने क्लिप आपल्या बोटाला लावली आणि वनमालाच्या मोबाइलवर आकडे उमटायची वाट पाहू लागला. रोज सकाळी तो हेच करायचा. बोट त्याचं, ठोके त्याचे, नाव वनमालाचं. मग मोबाइल विचारायचा, आज आप कैसी हैं, आणि तो ‘ठीक हूँ’वर अंगठा दाबायचा. समोरच्या भिंतीवर वनमालाचा फोटो होता. त्याला हार घालून वर्ष होत आलं होतं.

तिचं हृदय अशक्त होतं. नव्या रायपूरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले होते, पलंग अडवून कशाला बसता, ही क्लिप घरी न्या. कॉम्प्युटर लक्ष ठेवेल, काही झालं तर गाडी दारात येईल. वनमाला हसली होती. “ऐकलं का? तुम्ही तर मले लग्नात बी सायकल रिक्षातून आणलं.”

मग एका दुपारी आकडे लाल झाले. नरहरने हॉस्पिटलात फोन लावला. पलीकडची पोरगी मराठी निघाली. नाव शर्मिष्ठा, नागपूरकडची. त्याला केवढा धीर आला.

“घाबरू नका, काका. क्लिप नीट लागली नसेल. बोट चोळून गरम करा अन् परत लावा.”

तो चोळत राहिला. बोट गरम झालंच नाही.

तेरावं झाल्यावर तो हॉस्पिटलात सांगायला गेला. काउंटरवर तीच होती, गळ्यात नावाची पट्टी. मान वर न करता ती म्हणाली, “अ‍ॅपवर अपडेट करून टाका ना, काका.” घरी येऊन त्याने अ‍ॅप उघडलं. तीन बटणं होती. ठीक हूँ, थोड़ी तकलीफ़ है, ज़्यादा तकलीफ़ है. मेलेल्या माणसासाठी बटण नव्हतं. मग त्याने क्लिपमध्ये आपलं बोट घातलं आणि ‘ठीक हूँ’ दाबलं.

बघू तर, मेलेल्या बाईला किती दिवस जिवंत ठेवतात. देवपूजा सुटली, पण हे सुटलं नाही. आणि गेल्या आठवड्यात शर्मिष्ठाचा फोन आला. आता ती तिथे मोठी मॅडम झाली होती. तिने त्याचा आवाज ओळखला नाही. त्याने तिचा ओळखला.

“काका, वनमालाकाकू आमच्या एक नंबरच्या पेशंट! अकरा महिन्यांत एका दिवसाचा खाडा नाही. गुरुवारी मोठे साहेब शाल-श्रीफळ देऊन राहिले, पेपरवाले येऊन राहिले. काकूंची ओटी मी स्वतः भरणार.”

“आणतो तिले,” नरहर म्हणाला.

फोटो काखेत मारून स्टेजवर चढायचं, तो शर्मिष्ठापुढे धरायचा आणि दोनच शब्द बोलायचे, भरा ओटी. तिचा चेहरा कसा होईल, हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्याला झोप येईना. अलीकडे जिना चढताना धाप लागायची, डावा हात जड व्हायचा. गुरुवार होऊ दे, मग उतरेल सगळं, तो मनाशी म्हणायचा.

आज गुरुवार होता. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. मोबाइलवर आकडे उमटले. लाल.

त्याचा स्वतःचा मोबाइल लगेच वाजला. “काका, मी शर्मिष्ठा. काकूंचे ठोके चुकून राहिले. त्यांना झोपवा, हलवू नका. मी इथे जवळच, सदर बाजारात आहे, गाडी घेऊन आलेच.”

“आज कार्यक्रम आहे ना?”

“कार्यक्रम गेला चुलीत!”

नरहरने दात खाल्ले. जितीसाठी गळा फोडला तेव्हा कोणी आलं नाही. मेलीसाठी धावून राहिले. त्याने भिंतीवरचा फोटो उतरवून घेतला. ती यायच्या आत ऑटो पकडायचा, स्टेज गाठायचं. पण उंबऱ्यापाशी पाय लटपटले. तो खुर्चीत बसला, फोटो मांडीवर उलटा. सदरा घामाने भिजला होता.

गल्लीत सायरन वाजला. शर्मिष्ठा धावत आत आली. अंगावर जरीचं लुगडं, हातात ओटीच्या सामानाची पिशवी. मागे स्ट्रेचर घेऊन ड्रायव्हर प्रताप.

“काकू कुठे आहेत?”

नरहरने मांडीवरचा फोटो सुलटा केला. “भरा ओटी.”

पिशवी पडली. नारळ घरंगळत खुर्चीखाली गेला. तिचा चेहरा अगदी त्याने रोज रात्री पाहिला होता तसा झाला.

“कधी?”

“तुम्ही बोट चोळायले सांगितलं त्या दुपारी.”

आता तिने आवाज ओळखला. तोंडावर हात धरून ती मटकन खाली बसली. टेबलावर वनमालाचा मोबाइल लाल उघडझाप करत होता. तिचं लक्ष तिकडे गेलं. मग त्याच्या भिजलेल्या सदऱ्याकडे, काळ्यानिळ्या ओठांकडे गेलं.

“मग हे ठोके कोणाचे? काका? प्रताप भैया, स्ट्रेचर आणा, लवकर!”

“हव, दीदी.”

तिने झेप घेऊन नरहरचा हात पकडला. बोटं बर्फासारखी गार होती. रडत रडत ती चोळू लागली.

नरहरने हात ओढून घेतला आणि फोटोखाली लपवला.

“काही नाही,” तो म्हणाला. “क्लिप नीट लागली नसेल.”