वाकडी करंगळी
डोंगरापलीकडून आलेलं राधेचं चित्र राजाने लहणू चिताऱ्यापुढे धरलं. कमळ धरलेल्या हाताची करंगळी वाकडी होती. लहणूने भावाचा हात लगेच ओळखला. बापाची करंगळी लहानपणी मोडली होती आणि लहणू आणि त्याचा भाऊ, दोघेही बापाच्याच हाताकडे बघून हात काढायला शिकले होते. "कुणाचं रे हे?" "असेल कुणी शिकाऊ, महाराज. करंगळीसुद्धा धड जमली नाही." बारा वर्षांत राजाने शाली दिल्या, जमीन दिली, घरी जाऊ मात्र दिलं नाही. भावालाही असंच अडकवतील म्हणून त्याचं नाव लहणूने दरबारात कधी काढलं नव्हतं. "मग कर की सरळ, माझ्यासमोर!" लहणूने जुनी करंगळी सफेद्याने झाकली, श्वास रोखला आणि नवी रेष ओढली. ती बघून राजा खदखदून हसला. "पुन्हा वाकडीच! तुझी जीभ खोटं शिकली, हात नाही. दिवाणजी, याच्या घरी पालखी धाडा, तिथला दुसरा चितारीही आणा."